आजोबांची ३१५ बोरची रायफल हलकी करायचीय, आणि मामेभावाला न्यूझीलंडात हलकी बोल्ट ॲक्शन घ्यायचीय, सल्ला द्या

मोहोळचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, गाव मोहोळ तालुक्यात, ऊस आणि ज्वारी. आमच्या घरात आजोबांपासूनची ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ बोर रायफल आहे, बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीला खटका हातानं मागंपुढं करायची), लाकूड जुनं पण नळी अजून आतून चकचकीत. वडील सत्तरीचे झाले म्हणून गेल्या वर्षी वारसानं लायसन्स माझ्या नावावर करून घेतलं, कलेक्टर ऑफिसच्या खेपा झाल्या पण सगळं रीतसर झालं. पहिल्यांदाच सांगून टाकतो, शिकार करायची नाही, आपल्याकडं ती बंद आहे आणि बंदच राहावी असं माझंही मत आहे. रायफल घरातली आठवण म्हणून आहे, आणि परवानगी काढून रेंजवर चार गोळ्या नीट मारता याव्यात एवढीच इच्छा.

आता अडचण सांगतो. मागच्या महिन्यात रेंजवर नेली, ५० मीटरवर पाच गोळ्या मारल्या आणि पाचही पाच दिशेला गेल्या, एक तर कागदाच्या बाहेर. उभं राहून धरली की मिनिटभरात डावा हात थरथरायला लागतो. घरी काट्यावर ठेवून बघितली, रिकामी, पट्ट्यासकट साडेतीन किलोच्या वर भरली. मग डोक्यात आलं की हलकी करून घ्यावी. गावातला सुतार म्हणतो दस्ता आतून पोकळ करून देतो, पुढचं लाकूड पण छिलून बारीक करतो. एक ओळखीचा म्हणाला नळी पुढून ४ इंच कापली की एकदम हातात बसंल. कुणी असं केलंय का, किती फरक पडतो?

दुसरा विषय मामेभावाचा. तो न्यूझीलंडला दक्षिण बेटावर नोकरीला आहे, तिथं त्याला फायरआर्म लायसन्स मिळालंय आणि हरणाच्या शिकारीला, डोंगरात एकदोन दिवस चालत जायला, पहिली रायफल घ्यायचीय. दुकानदारानं त्याला टिक्का टी३एक्स लाइट दाखवलीय आणि विचारतोय की काडतूस कुठलं, .३०८ घेऊ, ७ एमएम-०८ घेऊ की ६.५ क्रीडमूर. मला विचारतो, कारण लहानपणी सुट्टीत आला की आम्ही दोघं आजोबांच्या शेजारी बसून ती ३१५ पुसताना बघायचो. त्याला काय सांगू? पुढच्या मार्चअखेर मी स्वतः जाणार आहे त्याच्याकडं, तेव्हा मलाही त्यातलं थोडं कळलेलं बरं.

---

रिटायर्ड_हवालदार_बार्शी

अरे बाबा, पहिल्यांदा त्या सुताराला आणि नळी कापायला सांगणाऱ्याला नमस्कार करून घरी पाठव. नळी लहान करणं हा आर्म्स ॲक्टच्या कलम ६ खाली येणारा विषय आहे, परवाना असल्याशिवाय कुणी कापली तर कापणारा आणि तू दोघंही अडकाल, आणि आजोबांनी एवढी वर्षं सांभाळलेली वस्तू मालखान्यात जाऊन पडंल. १९५९ पासूनचा कायदा आहे. एवढं पक्कं डोक्यात ठेव आणि मग पुढचं वाच.

मी चोवीस वर्षं नोकरी केली, सुरुवातीला आम्हाला बोल्टवाल्याच होत्या. तुझी ३१५ म्हणजे आतून इंग्रजी फौजेची जुनी ली-एनफिल्डच, बोल्ट पुढं ढकलून बंद करताना कॉक होते, लॉक मागच्या बाजूला. इंग्रजांनी फौजी बोअर सिव्हिलियनच्या हातात जाऊ नये म्हणून .३०३ बंद ठेवली आणि त्या जागी ही ८ मिलिमीटरची, ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिकर काडतुसावरून आलेली ३१५ चालू राहिली. फौजी घराण्यातली रायफल आहे, ती साडेतीन किलोनं काही बिघडत नाही. तू ज्याला वजन म्हणतोस ते तुझ्या हाताच्या सवयीचं आहे, आणि पाच गोळ्या पाच दिशेला जाण्याचं कारण बहुतेक करून वजन नाहीच.

कारण लाकूड आहे. या रायफलीचं लाकूड दोन तुकड्यात असतं, मागं दस्ता वेगळा आणि पुढचं फोरएंड वेगळं. गोळी सुटली की सगळा धक्का ॲक्शनमधून फोरएंडच्या लाकडात मागच्या बाजूला दोन छोट्या खांद्यांवर येतो. ते खांदे लाकडाला दोन्ही बाजूनी सारखे टेकलेले पाहिजेत. आपल्या सोलापूरच्या उन्हात, एप्रिल-मेला पारा ४३ वर, पन्नास साठ वर्षं जुनं लाकूड सुकून आत जातं, मग तिथं फट पडते, स्क्रू ढिला होतो, आणि प्रत्येक गोळीला ॲक्शन वेगळ्या जागी बसते. तू हात घट्ट धर नाहीतर सैल धर, गोळी पसरणारच. त्यात सुतारानं पुढचं लाकूड छिललं तर उरलंसुरलं पण गेलं.

अजून एक, आणि हे लई महत्त्वाचं आहे म्हणून वेगळं लिहितो. दस्ता हलतोय म्हणून मागची पट्टी काढून आतला लांब बोल्ट पिळायला जाऊ नकोस. जुन्या नमुन्यात त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते फोरएंडमधल्या एका पट्टीत अडकलेलं असतं. फोरएंड न काढता पिळला की पुढचं लाकूड उभं फाटतं. आमच्याकडं एका नव्या पोराकडून झालं होतं, आवाज आला तेव्हाच कळलं. हे काम लायसन्सवाल्या गनस्मिथकडंच दे, त्याला सांग की पहिल्यांदा पुढचा स्क्रू आणि फोरएंडचे खांदे बघ.

चापाला हात लावू देऊ नकोस. तो दोन टप्प्याचा आहे, पहिला मोकळा ओढा येतो, मग एक जागा लागते, तिथं थांबायचं, श्वास अर्धा सोडायचा आणि मग दाबायचं. बरेच जण पहिल्या ओढ्यातच झटका देतात आणि म्हणतात चाप जड आहे. घरी रिकामी रायफल, दोनदा तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, पालथा पडून माशीमागं (नळीच्या टोकावरच्या साइटमागं) एक नाणं ठेव आणि चाप दाब. नाणं पडायला नको. रोज दहा मिनिटं, महिनाभर. उभं राहून मारायची घाई करू नको, आधी झोपून, पट्टा डाव्या दंडाला घट्ट गुंडाळून. पट्टा नीट असला की हाडावर वजन येतं आणि तुझा थरथरणारा हात मोकळा होतो.

---

चिंचोळी_एमआयडीसी_टर्नर

मी लेथवर काम करतो म्हणून फक्त नळीचा हिशोब सांगतो. हवालदारसाहेबांनी कायदा सांगितलाच आहे, आमच्याकडं कुणी असलं काम घेऊन आला तर आम्ही दारातूनच परत पाठवतो आणि तुम्ही पण कुठल्या लेथवाल्याला अडचणीत आणू नका.

हिशोब असा. पुढच्या टोकाला नळी बाहेरून साधारण १५ मिमी धरली आणि भोक ८ मिमी, तर पोलादाचं तोंड भरतं १२६ चौरस मिमी. ४ इंच म्हणजे १०१.६ मिमी. गुणाकार केला की जेमतेम १३ घन सेंटिमीटर पोलाद, वजन शंभर ग्रॅम. शंभर ग्रॅम म्हणजे शेंगा चटणीची एक छोटी पुडी. एवढ्यासाठी रायफल कापायची?

आणि गमावता काय ते बघा. उघड्या साइटवर मारताय ना, दुर्बीण नाही? मग मागची साइट आणि माशी यातलं अंतर जितकं जास्त तितकी चूक कमी. समजा अंतर ५०० मिमी आहे आणि माशी अर्धा मिमी इकडं तिकडं झाली तर १०० मीटरवर गोळी १० सेंमी सरकते. नळी कापून अंतर ४०० मिमीवर आलं तर तीच अर्ध्या मिमीची चूक साडेबारा सेंमी होते. वर आवाज आणि भडका तोंडाजवळ येणार, गोळीचा वेग कमी होणार, माशी परत बसवायला लागणार आणि नळीचं तोंड आतल्या आट्यांशी काटकोनात परत फेस करायला लागणार, ते तिरपं राहिलं तर गोळी तोंडातून बाहेर पडतानाच एका बाजूनी धक्का खाते. वजन कमी करायचंच तर दुसऱ्या जागा शोधा.

---

माळरान_नान्नज

मी शेतकरी आहे आणि माळढोक अभयारण्याच्या बाजूला राहतो, पाखरं आणि काळविटं बघत मोठा झालो. तुम्ही शिकार नको म्हणालात ते वाचून बरं वाटलं. तरी हा धागा उद्या कुणीही वाचंल म्हणून लिहितो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं काळवीट, चिंकारा तर सोडाच, ससा आणि तित्तिरसुद्धा मारता येत नाही. लायसन्स असणं आणि मारायची परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रानडुकरानं मका किंवा ऊस लोळवला तरी वनखात्याची लेखी परवानगी असल्याशिवाय गोळी नाही, कलम ११ खाली अधिकारी लेखी आदेश देतो तेव्हाच. पिकाचं नुकसान झालं तर आधी वनखात्याकडं अर्ज आणि पंचनामा, भरपाई मिळते, वेळ लागतो पण मिळते. माझ्या भुईमुगाची मिळालीय.

आता दुसरी गोष्ट, जी मला कायद्याइतकीच मोठी वाटते. आपला सगळा मुलूख सपाट आहे. डोंगर नाही, टेकाड नाही, गोळी अडायला मागं काही नाही. ३१५ ची गोळी चुकली तर ती शेताच्या बांधावर थांबत नाही, किलोमीटरच्या पुढं जाऊ शकते. उसात टोळी राहते, बायापोरं पालात झोपलेली असतात, रात्री मोटार चालू करायला कुणीतरी पाटाच्या कडेनं बॅटरी घेऊन चाललेलं असतं. खाली काळा दगड आणि मुरूम, त्यावर गोळी घासून कुठं उडंल सांगता येत नाही. म्हणून मी तर म्हणतो सोलापूर जिल्ह्यात शेतात रायफल चालवायचा विचारच नको, रायफल हलकी असू दे नाहीतर जड. कायद्यानं पण पीक राखणीसाठी ठासणीची बंदूक आणि साधी १२ बोर यांचा विचार वेगळा केलाय, रायफलीचा नाही, त्यामागं हेच कारण असावं असं मला वाटतं.

तुमची रेंजवर चालवायची इच्छा मात्र चांगली आहे. तिथं मागं मातीचा बंधारा असतो.

---

मोहोळचा_शेतकरी

हवालदारसाहेब, टर्नरभाऊ, नान्नजचे दादा, तिघांनाही मनापासून धन्यवाद. नळीचा आणि सुताराचा विषय संपला, आजच फोन करून नको म्हणून सांगितलं. उसातल्या टोळीचं जे लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला, आमच्या शेतात पण दर सीझनला पंधरा वीस माणसं असतात.

पण मग हलकी रायफल लोक घेतात कशासाठी? मामेभाऊ म्हणतो तिथं सगळे हलकी हलकी करतात. आणि ती टिक्का आपल्याला भारतात मिळत असती तर मी सरळ तीच घेतली असती का, हा पण प्रश्न आहे.

---

दक्षिण_बेटावरचा_सोलापूरकर

मी मूळचा साखरपेठेतला, गेली अकरा वर्षं न्यूझीलंडात, आणि तुमच्या मामेभावाचं वाचून लिहायलाच बसलो. शेवटचा प्रश्न आधी. भारतात सामान्य लायसन्सवाल्याला परदेशी रायफल आयात करून घेणं १९८० च्या दशकापासून बंद आहे, नामवंत नेमबाजांना सवलत आहे. बाकी जुन्या, आधीच देशात आलेल्या ब्रनो, माउझर हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती ऐकून झोप उडते. तेव्हा टिक्काचा विचार मामेभावापुरताच ठेवा. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका लायसन्सवर दोनच हत्यारं, तेव्हा एक जागा विचार करूनच भरा.

आता इथं हलकी का लागते ते सांगतो. या देशात वटवाघूळ सोडलं तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणं सगळी १९ व्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला गोऱ्यांनी आणून सोडली, आणि आपल्या हिमालयातला थार १९०४ मध्ये माउंट कुकच्या बाजूला सोडला, आता तो दक्षिण आल्प्सच्या कड्यांवर पसरलाय. यांच्यामुळं झाडं आणि गवत उजाड होतं म्हणून सरकार स्वतः संख्या कमी करायला सांगतं, सरकारी जंगलात परमिट फुकट मिळतं. म्हणजे नान्नजच्या दादांनी आपल्याकडचं जे सांगितलं ते शंभर टक्के खरं आणि इथलं पण खरं, दोन्ही जमिनींची गोष्ट वेगळी आहे. इथं सकाळी निघालं की हजार मीटरची चढण, पाठीवर तंबू, अन्न, पावसाचे कपडे, आणि परतताना मांस. दिवसभरात गोळी मारायची वेळ एकदा येते नाहीतर येतच नाही, पण रायफल खांद्यावर दहा तास असते. म्हणून हलकी. तुमच्यासारखं रेंजवर गाडीतून नेऊन मारायची असेल तर हलकेपणाचा फायदा शून्य.

टी३एक्स लाइट चांगली निवड आहे, मी पण तीच वापरतो. फिनलंडची, साको बनवते, टी३एक्स २०१६ पासून आहे. .३०८ मध्ये रिकामी साधारण २.९ किलो. पण मामेभावाला सांगा, दुकानातल्या पाटीवरचं २.९ धरून बसू नको. दुर्बीण आणि माउंट अर्धा किलो, सायलेन्सर, जो इथं कायदेशीर आहे आणि सगळे लावतात, तो तीनशे ते पाचशे ग्रॅम, पट्टा, गोळ्या, सगळं मिळून चार किलोच्या आसपास जातंच. म्हणून हलक्या रायफलीवर मोठी जाड दुर्बीण चढवणं म्हणजे बचत केलेले पैसे टॅक्सीत घालवणं. २ ते १० किंवा ३ ते ९ पटीची, छोटी, खालच्या माउंटवर बसणारी घ्यावी, जेणेकरून गाल दस्त्यावर टेकला की डोळा आपोआप मधे येईल.

धक्क्याचं गणित त्याला आवर्जून सांगा. तेच काडतूस चार किलोच्या रायफलीतून मारलं आणि तीन किलोच्या रायफलीतून मारलं तर हलकीत धक्क्याची ऊर्जा तिसऱ्या हिश्श्यानं वाढते. गोळी आणि धूर पुढं जितका रेटा देतात तितकाच मागं येतो, वजन कमी झालं की रायफल जास्त वेगानं मागं येते, एवढं साधं आहे. मी पहिल्या वर्षी हलक्या .३०८ वर दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ बसवली होती आणि चढावर वरच्या बाजूला मारताना भुवईवर अर्धचंद्र उमटला, रक्त थांबायला बराच वेळ लागला. म्हणून नव्या माणसाला ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूर. माझं मत ७ एमएम-०८ कडं झुकतं. .३०८ चंच काडतूस, तोंड आवळून ७ मिमी केलेलं, लाल हरणाला भरपूर आणि खांद्याला .३०८ पेक्षा सुखाचं. तुम्हाला ओळखीचं उदाहरण देतो, १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेटला जी हलकी .२७५ रिग्बी भेट मिळाली ती म्हणजे ७×५७ माउझर, आणि ७ एमएम-०८ ची ताकद जवळपास तेवढीच. हिमालयाच्या पायथ्याशी डोंगर तुडवणाऱ्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी हलकी बोल्ट ॲक्शन आणि सौम्य काडतूसच हाती धरलं होतं. .३०८ घेतली तरी चूक नाही, गोळ्या प्रत्येक दुकानात मिळतात हा तिचा मोठा गुण.

सुधारणा म्हणाल तर टिक्काला फार काही लागत नाही. चाप एका स्क्रूवर हलका जड होतो, साधारण १ ते २ किलोमधे, अगदी हलका करू नये कारण थंडीत हातमोजे घातलेले असतात. नळी लाकडाला किंवा प्लॅस्टिकला कुठं टेकत नाही ना ते बघायला एक नोट दुमडून नळी आणि फोरएंडच्या मधून सरकवायची, ॲक्शनपर्यंत अडथळ्याशिवाय गेली पाहिजे. तळाचे दोन स्क्रू कंपनीनं दिलेल्या टॉर्कलाच आवळायचे, अंदाजानं नाही. दस्त्याच्या मागची रबरी पट्टी नीट बसते का बघायचं. पोकळ प्लॅस्टिक दस्त्यात फोम भरून आवाज कमी करतात लोक, तेवढं ठीक. कार्बन फायबरचा महागडा दस्ता पहिल्या वर्षी नको, तेवढ्या पैशात शंभर दीडशे गोळ्या येतात आणि त्या गोळ्याच त्याला काय हवं ते शिकवतील.

आणि हलकी रायफल हातात नुसती ठेवून चालत नाही. जड रायफल आपल्या वजनानं स्थिर राहते, हलकी हृदयाच्या ठोक्याला पण हलते. पुढचं फोरएंड हातानं धरायचं, बॅगवर टेकवलं तरी धरायचं, नाहीतर उडी मारते आणि गोळी वर जाते. इथं सुरक्षेचे सात नियम शिकवतात, त्यातला एक मामेभावाला पाठ असेलच, समोर काय आहे त्याची शंभर टक्के खात्री झाल्याशिवाय चाप नाही. मार्चअखेर एप्रिलला हरणं डरकाळ्या फोडतात, तेव्हा जंगलात आवाज काढणारा प्राणी आणि त्याला बोलवायला तसाच आवाज काढणारा माणूस सारखाच वाटतो. तुम्ही नेमके त्याच वेळी येताय, दोघांनी भडक रंगाचे कपडे घाला. तुमच्याकडं इथलं लायसन्स नसेल तर त्याच्या अगदी शेजारी, त्याच्या नजरेखालीच रायफल हातात घ्यायची.

---

प्रोन_५०मीटर

मोहोळचे दादा, मी .२२ वर ५० मीटर प्रोन (पालथं पडून नेमबाजी) करते, सोलापुरातच सराव. मोठ्या बोअरचा अनुभव कमी आहे पण तुमच्या पाच गोळ्यांबद्दल थोडं सांगते.

पाच गोळ्या पाच दिशेला गेल्या यावरून रायफल खराब की तुम्ही की काडतूस, हे कळणारच नाही. पुढच्या वेळी उभं राहून अजिबात नको. टेबलावर वाळूच्या पिशव्या, पुढं एक, दस्त्याखाली एक, आणि प्रत्येक गोळीला तीच जागा. तीन गोळ्या, मग थांबा. सोलापुरात दुपारी नळी थंडच होत नाही, हाताला चटका बसेपर्यंत मारत गेलात तर गोळ्या हळूहळू सरकतात, बारीक नळीच्या हलक्या रायफलीत तर हे लवकर होतं. म्हणून सकाळी सहा साडेसहाला, आणि तीन तीन गोळ्यांचे तीन कागद काढा. तिन्ही कागदांवर गोळ्या एकत्र पण मधोमध नसतील तर रायफल चांगली आहे, फक्त साइट जुळवायची. तिन्हीवर पसरल्या असतील तर लाकूड, स्क्रू, हवालदारकाका म्हणतात ते.

काडतुसं कुठं ठेवता? एकाच पेटीतली, एकाच लॉटची घ्या, खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या पेटीवर लॉट नंबर असतो तो लिहून ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत नको. काडतुसातली दारू तापली की प्रेशर आणि वेग दोन्ही वाढतं, गोळी वर लागते, आणि जुन्या रायफलीला ते बरं नाही. घरी कुलुपात, गार कोपऱ्यात.

आणि दस्त्याची लांबी बघा. कोपर नव्वद अंशात दुमडून दस्ता कोपराच्या खाचेत टेकवला तर बोट चापापर्यंत आरामात यायला हवं. मला सुरुवातीला दोन बोटं लांब दस्ता दिला होता, मला वाटायचं रायफल जड आहे, खरं म्हणजे ती माझ्यापासून लांब होती. लांब दस्त्यानं सगळं वजन पुढं जातं आणि डावा हात थरथरतो. ली-एनफिल्डचे दस्ते तर लांबीनुसार वेगवेगळे यायचे, तुमचे आजोबा उंच होते का?

---

मोहोळचा_शेतकरी

ताई, आजोबा सहा फूट. मी पाच फूट सहा इंच. हे कुणी आजवर लक्षातच आणून दिलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळ्यांना सांगायचं होतं. रायफल लायसन्सवाल्या गनस्मिथकडं नेली, त्यानं पावती देऊन ठेवून घेतली. पुढचा स्क्रू जवळजवळ अख्खा वळसा ढिला होता आणि फोरएंडचा डावीकडचा खांदा लाकडाला टेकतच नव्हता, मधे पोस्टकार्ड जाईल एवढी फट. त्यानं तिथं लाकडाचा पातळ तुकडा बसवून दोन्ही बाजू सारख्या केल्या, फोरएंड काढूनच दस्त्याचा बोल्ट बघितला, हवालदारसाहेबांचं वाक्य मी त्याला जसंच्या तसं सांगितलं तर तो म्हणाला तुम्हाला कुणीतरी जाणत्यानं सांगितलंय. आजोबांचा मूळ दस्ता मी कापू दिला नाही, तो कापडात गुंडाळून कपाटात ठेवलाय, त्याच्याकडं एक जुना आखूड दस्ता होता तो लावून दिला. वजनात फरक पन्नास साठ ग्रॅमचा, पण खांद्याला लावली की वेगळीच रायफल वाटते.

परवा सकाळी साडेसहाला रेंजवर गेलो, वाळूच्या पिशव्या, तीन तीन गोळ्या. पहिल्या कागदावर तीन गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकल्या गेल्या, दुसऱ्यावर तशाच, तिसऱ्यावर एक बाहेर गेली पण ती माझीच होती, चाप झटकला हे दाबतानाच कळलं. सगळ्या थोड्या डावीकडं, माशी सरकवून घ्यायचीय. वडील सोबत होते. ते बराच वेळ कागद हातात धरून उभे होते, मग म्हणाले आबांची पण अशीच डावीकडं जायची.

मामेभावानं ७ एमएम-०८ घेतली, टिक्का लाइटच, छोटी दुर्बीण. पहिल्या दिवशी रेंजवर वीस गोळ्या मारल्या म्हणे, खांदा शाबूत आहे. साखरपेठवाल्या दादांना त्यानं मेसेज करायचं म्हटलंय, येताना त्यांच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणू का ते सांगा.

एकच प्रश्न राहिला. निवडणूक लागली की रायफल जमा करायला सांगतात. मागच्या वेळी वडिलांनी एके ठिकाणी जमा केली होती, दोन महिन्यांनी परत आली तेव्हा बोल्टवर तांबूस डाग पडलेले. यावेळी काय करू?

---

रिटायर्ड_हवालदार_बार्शी

शाब्बास. तळहाताखाली तीन गोळ्या म्हणजे आता रायफल बोलायला लागली.

जमा करायच्या आदल्या रात्री बसून कर. पुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) फ्लॅनेलची चिंदी लावून आधी नळी कोरडी, मग तेलाची चिंदी दोनदा, आणि या वेळी तेल पुसून काढू नको, पातळ थर राहू दे. बोल्ट काढून त्याची फट आणि तोंड तेलानं पुस, बाहेरच्या सगळ्या लोखंडाला तेलाचा हात फिरव, लाकडाला नाही. कापडी खोळीत ठेव, रेक्झिनच्या किंवा फोमच्या केसमधे बिलकूल नको, फोम ओल धरतो आणि तेच डाग पाडतो. नळीत बोळा कोंबून ठेवू नको, विसरून कुणी गोळी मारली तर नळी फुटते. जमा करताना पावतीवर रायफल नंबर, पट्टा, मॅगझीन सगळं लिहून घे आणि मोबाईलवर दोन्ही बाजूनी फोटो काढ. परत आली की घरी न जाता आधी गनस्मिथकडं जा, नळीत उजेड धरून बघायला सांग, ते तेल पूर्ण कोरडं केल्याशिवाय पहिली गोळी नाही.

आणि वडिलांना पुढच्या वेळी तीन गोळ्या मारायला दे. माशी सरकवायच्या आधी.